मधली भिंत आणि गेमची वायर

बोलताना मी नवऱ्याला ‘हे’ म्हणते. इथे कोणी ऐकत नाही, म्हणून सरळ नवरा लिहिते.

आमच्या घराच्या मधोमध भिंत घातली ती नवऱ्याने आणि थोरल्या दिरांनी मिळून. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. विटा एकाने आणल्या, सिमेंट दुसऱ्याने, आणि गवंड्याला दोघे दोन बाजूंनी सूचना देत होते, एकमेकांकडे न बघता. भांडण खाडीकाठच्या, खारातल्या जमिनीवरून झालं. मांडव्याला बोटीने उतरणाऱ्या एका पार्टीला ती जमीन हवी होती. नवऱ्याला ती विकून दुसरा ट्रक घ्यायचा होता. थोरल्या दिरांना विकायची नव्हती. त्या जमिनीत दरवर्षी गुडघाभर चिखलात वाकून लावणी करतो ते आम्ही, मी आणि माझी थोरली जाऊ. आम्हाला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय बोलले असते देव जाणे. मी चार माणसांत बोलत नाही. सासरी आले तेव्हा बायका म्हणाल्या, पोरगी गरीब आहे. तेव्हापासून मी गरीबच.

भिंत वाळायच्या आत नवऱ्याने नियम सांगितला. त्या घरच्यांशी बोलायचं नाही, तिकडे पाऊल टाकायचं नाही, त्यांच्या घरचं पाणी प्यायचं नाही. पलीकडे दिरांनी जावेला हेच सांगितलं. शब्दही बहुतेक तेच असतील, सख्खे भाऊ आहेत.

मधल्या खोलीतला टीव्ही भिंतीला ठोकलेला होता, तो खोलीबरोबर तिकडे गेला. आमच्या वाटणीला पडवी आली आणि पडवीतला नवऱ्याचा कॉम्प्युटर. त्यावर तो ट्रकच्या फेऱ्यांची बिलं करतो. आम्ही नवा टीव्ही घेतला नाही, कारण नवरा सगळं मोबाइलवर बघतो. गेमचा डबा माझ्याकडे राहिला, तो माझ्या मुलाचा म्हणून.

हा डबा म्हणजे टीव्हीला वायरीने जोडायचा व्हिडिओ गेम. काळा, चपटा, बरोबर हातात धरायचे दोन रिमोट. मुलगा पनवेलला नोकरीला लागला, तिथे खोलीत सहा जण राहतात, म्हणून त्याने डबा घरीच ठेवला. जाण्याआधी सुट्टीत त्याने आम्हा दोघी जावांना एक गेम शिकवला. आमची करमणूक करायला नव्हे, स्वतःची करमणूक करून घ्यायला. आम्ही पडलो की तो पोट धरून हसायचा.

त्या गेममध्ये दोन माणसं एका दोरीने बांधलेली असतात आणि त्यांना डोंगर चढायचा असतो. एकाने उडी मारली की दुसऱ्यानेही तेव्हाच मारायची. एक घसरला तर दुसऱ्याने दगड धरून ठेवायचा, नाहीतर दोघे खाली. माझी जाऊ, तिला मी वयनी म्हणते, उडी मारायची वेळ कधी पाळत नाही. तिला थांबणं माहीत नाही. मी दगड धरून बसण्यात पटाईत. पहिल्या आठवड्यात आम्ही डोंगराच्या पायथ्याच्या झाडाच्या वरसुद्धा गेलो नाही.

“तू काय गो नुसती दगडाला चिकटून बसतेस, कालवाच्या शिंपीसारखी,” वयनी म्हणायची.

“तू पडतेस म्हणून.”

“मी पडत न्हाय. मी खालचं बघून येते.”

मुलगा गेला तरी आम्ही दुपारची भांडी झाली की टीव्हीसमोर बसायचो. मला ते का आवडलं, ते मी पुष्कळदा मनाशी विचारलं आहे. बाजारात, लग्नात, ग्रामसभेत मी पदर ओढून कोपऱ्यात उभी असते. कोणी माझ्याकडे बघितलं की माझे हातपाय कुठे ठेवावे ते मला कळत नाही. डोंगरावरच्या त्या बुटक्या माणसाला हातपाय होते आणि ते मी सांगेन तसे हलत होते. तो पडला तरी कोणी नाव ठेवत नव्हतं. पुन्हा उभा राहायचा. आम्ही हळूहळू ढगांच्या पट्ट्यापर्यंत चढलो होतो, आणि मग भिंत आली.

भिंतीनंतर वयनी माझ्याशी बोलली नाही. तिने नियम पाळला. ती तिच्या कोंबडीशी बोलायची. मागच्या दारी मी भांडी घासायला बसले की पलीकडून आवाज यायचा.

“काय गो कोंबड्ये, ऐकलंस का? बंदरावर आज बोंबील आलेत ताजे. कोणाला हवे असतील तर लवकर जावं.”

किंवा, “कोंबड्ये, माझा गुडघा धरलाय गो. कोणाकडे तेल असेल तर कुंपणावर ठेवावं.”

ही रीत आमच्याकडे जुनी आहे. बोलणं बंद झालेल्या बायका भिंतीशी, मांजराशी, कोंबडीशी बोलतात आणि पुरुषांचा शब्दही मोडत नाहीत. पण माझ्याकडे कोंबडी नव्हती, आणि असती तरी मला तिच्याशी मोठ्याने बोलायची लाज वाटली असती. मी टोप जोरात आपटायची. हो असेल तर एकदा, नाही असेल तर दोनदा. वयनीला ते कळायचं. मला मात्र दिवसेंदिवस त्याची चीड यायला लागली. इतकी वर्षं एका चुलीवर रांधलेल्या आम्ही दोघी. माझ्या बाळंतपणात हिने माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. आणि आता मी टोप आपटून हो म्हणायचं.

एक दिवस ती म्हणाली, “कोंबड्ये, आपण ढगांपर्यंत पोचलो होतो गो. वर काय असेल ते न्हायच बघितलं.”

मी टोप आपटला नाही. उठून हात पुसले, कपाटातून गेमचा डबा काढला आणि पडवीत गेले.

कॉम्प्युटरला मी फक्त पुसायला हात लावायची. दसऱ्याला ट्रकला घालतो तसा नवरा त्यालाही झेंडूचा हार घालतो. खाली मोठा उभा डबा, वर टेबलावर पडदा. गेमची वायर मी नीट बघितली. तिच्या टोकाच्या आकाराचं भोक मोठ्या डब्याच्या मागे होतं. वायर त्यात अशी बसली की जणू त्याच्यासाठीच केली होती. मला वाटलं झालं काम. गेम चालू केला, त्याचा दिवा लागला. पडद्यावर नवऱ्याची बिलं तशीच. वायर काढून पुन्हा घातली. दोन्ही टोकं उलटी करून बघितली. जोरात दाबली. गेम बंद करून चालू केला. बिलं हलायला तयार नाहीत. मग भीती वाटली, आपण त्या बिलांचं काही बिघडवलं तर नाही? घाम पुसत मी मुलाला फोन लावला. तो जेवणाच्या सुट्टीत होता.

“आई, तू गेम लावतेस? एकटी?”

“हसू नको. वायर बसली आहे, दिवा लागला आहे, आणि दिसत काही नाही.”

“कुठे बसवलीस?”

“कॉम्प्युटरच्या डब्याला. मागे तसंच भोक आहे.”

तो हसलाच. “अगं, भोक तेच आहे, पण ते बाहेर टाकायचं आहे. कॉम्प्युटर त्यातून स्वतःचं चित्र बाहेर पाठवतो. तुझा गेम पण बाहेरच पाठवतो. दोघं बाहेर टाकणारे, आत घेणारं कोणीच नाही.”

मी वायरीचं टोक पुन्हा बघितलं. मग म्हटलं, “म्हणजे उघाडीसारखं?”

खारातल्या बांधाला उघाडी असते. लाकडी दार. ओहोटीला शेतातलं पाणी त्यातून खाडीत जातं, आणि भरती आली की खाडीचंच पाणी ते दार दाबून बंद करतं. बाहेरून कितीही जोर लावा, आत थेंब येत नाही. जितका जोर, तितकं दार घट्ट. माझा मुलगा त्या बांधावर खेकडे पकडत वाढला आहे.

“हो,” तो म्हणाला, “उघाडीच. तू भरतीच्या बाजूने ढकलत बसलीस.”

“मग पाणी घालू कुठे?”

“पडद्यात. मोठा डबा सोड. पडद्याच्या मागे बघ, निळी जाड वायर असेल, ती कॉम्प्युटरची. तिला हात लावू नको. तिच्या शेजारी तुझ्या वायरीचं भोक रिकामं असेल. ते आत घेणारं. आणि पडद्याखाली बटण आहे, ते दाबलं की या वायरीचं चित्र, पुन्हा दाबलं की त्या वायरीचं.”

“आणि बिलं?”

“बिलं मोठ्या डब्यात आहेत, आई. पडदा म्हणजे नुसती खिडकी. पण तू कोणाबरोबर खेळणार?”

“वयनीबरोबर.”

“बाबांना माहीत आहे?”

“नाही.”

“बरं,” तो म्हणाला, आणि आणखी काही बोलला नाही. त्याचे मी उपकार मानते.

रिकामं भोक सापडलं. वायर घातली, बटण दाबलं, आणि पडवीत आमचा डोंगर उभा राहिला. ढगांचा पट्टाही तिथेच, आम्ही सोडला होता त्या जागी. आवाज तेवढा येत नव्हता. मोबाइलची कानात घालायची वायर पडद्याच्या मागच्या लहान भोकात बसली आणि वाऱ्याचा आवाज आला.

मागच्या दारी जाऊन मी कुंपणावरून हाक मारली. हाक कसली, पुटपुटले. “वयनी, लावलं.”

वयनीने मान वर केली. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा तिच्याशी तोंडाने बोलले होते. तिने इकडेतिकडे बघितलं, कोंबडीला पायाने बाजूला सारलं आणि घरात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पाण्याची बाटली होती.

“तुझ्या घरचं पाणी न्हाय पीत मी,” ती म्हणाली. “नियम म्हणजे नियम. बसायचं नाही असं काय कोणी बोललेलं न्हाय.”

“पाऊल टाकायचं नाही असं बोललेत.”

“मग ओढून घे मला आत.”

मी हात धरून तिला आत ओढली.

कानातल्या वायरीचं एक बोंड तिने घेतलं, एक मी. वायर आखूड, म्हणून डोकी जवळजवळ टेकलेली. तिला खोबरेल तेलाचा आणि सुक्या मासळीचा वास येत होता. आम्ही गेमबद्दलच बोललो. दगड धर, आता उडी, अगो थांब, पडलीस ना? बाकीचं काही बोलायची गरज वाटली नाही. अशा बऱ्याच दुपारी गेल्या. ती मागच्या दाराने यायची, केळीच्या आडून. नवऱ्याच्या मोटारसायकलचा आवाज आला की मी बटण दाबायची, बिलं पडद्यावर यायची, ती केळीत गडप व्हायची. एकदा आवाज पाववाल्याचा निघाला आणि ती बराच वेळ केळीत उकिडवी बसून राहिली. परत आली तेव्हा साडीला चीक लागला होता. केळीचा डाग जात नाही.

“जाव दे, जुनी हाय,” ती म्हणाली आणि पदर उलटा घेतला.

मला ते लागलं. थोरली जाऊ, केस पिकलेले, आणि माझ्या घरी यायला ती केळीत बसते. चोरी कसली केली आम्ही?

नवरा माणगावला गेला होता, ट्रक तिथे बंद पडला होता. संध्याकाळपर्यंत येणार नव्हता. मेकॅनिक भेटला नाही म्हणून दुपारीच परतला. आम्ही ढगांच्या वर पोचलो होतो. तिथे बर्फ लागतो आणि पाय घसरतो. वयनी ओरडत होती, “धर गो, धर, धर!” आणि मी दगड धरला होता, म्हणून मोटारसायकल कानावर आली नाही. दारात सावली पडली तेव्हा कळलं.

“हे काय चाललंय?”

माझा हात बटणाकडे गेला. पण बटण दाबून काय लपणार होतं? वयनी तर बसलेलीच होती. आणि या वेळी ती उठली नाही.

“ही इथे कशी?” नवरा मला विचारत होता. वयनीशी तो बोलत नाही ना, तोही नियम पाळणारा. “आणि कॉम्प्युटरचं काय करून ठेवलंस? माझी सगळी बिलं आहेत त्यात!”

मी बटण दाबलं. डोंगर गेला, बिलं आली. त्याला ती बघू दिली. पुन्हा दाबलं. डोंगर आला.

“तुमचं काही हललेलं नाही,” मी म्हटलं.

“उद्यापासून हे बंद.”

“नाही.”

नवऱ्याने वयनीकडे बघितलं. त्याला वाटलं तीच बोलली.

“मी न्हाय भावजी,” वयनी म्हणाली. “ती बोलली.”

मी त्याच्याकडे बघत नव्हते, पडद्याकडे बघत होते, तेवढं मला सोपं गेलं. “जमीन विका, नका विकू, कोर्टात जा. ते तुम्हा दोघांचं. वाटणीत मी माझी जाऊ कोणाला दिली नव्हती. मला कोणी विचारलं नाही, आणि मी दिली नाही. ती इथे येणार.”

“एवढा उमाळा असेल तर तू जा तिकडेच राहायला.”

“पाठवा, पाठवा,” वयनी म्हणाली. “भाकऱ्या मी थापते, कालवण ती करील. तुमचं दोघा भावांचं काय ते तुम्ही बघा. अंडी उकडायला येतात ना?”

नवरा बाहेर ओट्यावर जाऊन बसला. वयनी घाईने निघाली नाही. बाटलीतलं पाणी प्याली, झाकण लावलं आणि पुढच्या दाराने, त्याच्या समोरून, अंगणातून गेली. रात्री तो जेवायला बसला. कालवणात मीठ कमी आहे, एवढंच बोलला. मीठ बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी पडद्यामागे वायर नव्हती. गेमचा डबा, रिमोट, सगळं जागेवर, वायर तेवढी गेलेली. ट्रकबरोबर नेली असणार. मी घरभर शोधत बसले नाही आणि रडलेही नाही. पूर्वी रडले असते. साडी बदलली आणि सहाआसनी रिक्षाने अलिबागला गेले. एकटी मी दवाखान्याशिवाय अलिबागला कधी गेले नव्हते. मोबाइल, चार्जर, वायरी टांगलेल्या दुकानासमोरून मी तीन वेळा नुसतीच पुढे गेले. आत पँटशर्टातली पोरं उभी होती. चौथ्यांदा आत शिरले.

“गेमच्या डब्याची वायर द्या. पडद्याला लावायची.”

“मुलासाठी का, मावशी?”

दुकानातली सगळी माझ्याकडे बघत होती. हातपाय कुठे ठेवावे ते मला याही वेळी कळलं नाही.

“नाही,” मी म्हटलं. “मला.”

तो हसला नाही. “लांब देऊ की आखूड?”

“लांब.”

घरी येऊन वायर लावली आणि मागच्या दारी न जाता पुढच्या अंगणात उभी राहिले. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे शेजारणी मासे वाळत घालत होत्या. भिंतीच्या पलीकडच्या ओट्यावर थोरले दीर पेपर वाचत बसलेले. मी पदर खोचला आणि हाक मारली, पुटपुटले नाही.

“वयनी! ये गो, लावलंय!”

शेजारणींचे हात थांबले. दिरांनी पेपर खाली केला. वयनी बाहेर आली, बाटलीशिवाय.

“कुठे निघालीस?” दिरांनी विचारलं.

“डोंगरावर,” ती म्हणाली आणि त्यांच्या समोरून अंगण ओलांडून माझ्या पुढच्या दारात आली. ते काही बोलले असतील तर आम्ही ऐकलं नाही. आत आल्याआल्या ती म्हणाली, “पाणी दे गो, घसा सुकलाय.” मी तांब्या भरून दिला.

नवरा दोन दिवसांनी ट्रक घेऊन आला. आम्ही खेळत होतो. या वेळी मोटारसायकल नव्हती, ट्रक होता, आवाज चांगला ऐकू आला. वयनीने माझ्याकडे बघितलं. मी दगड धरून बसले. तो पडवीत आला, पडद्यामागे वाकला, नवी वायर बघितली. बोटाने तिची लांबी चाचपली.

“अशा किती वायरी आणशील?”

“तुम्ही न्याल तेवढ्या,” मी म्हटलं. “वयनी, उडी मार.”

तिने मारली, नेहमीप्रमाणे वेळेच्या आधी, आणि मला घेऊन बर्फावरून थेट ढगांच्या खाली पडली. नवरा तसाच उभा होता. मी पुन्हा चढायला लागले.